कॉफीचे यंत्र सर्वांत शेवटी

ओळखीच्या मंडळींपैकी कोणी घरी नीट कॉफी करायचे मनावर घेतले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मशीन कोणते घेऊ?” नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या किंवा कॉलेज रोडवरच्या कॅफेत काउंटरमागे चकचकीत यंत्र दिसते, त्याच्या नळीतून वाफ फुसफुसत असते आणि समोर आलेला कप घरच्या कपापेक्षा कितीतरी सरस लागतो; त्यामुळे चवीचे सगळे श्रेय त्या यंत्राच्या पदरात पडते. माझे मत मात्र असे आहे की घरच्या कॉफीवर पैसे खर्च करताना यंत्र यादीच्या तळाशी असावे. आधी ताज्या बिया, मग पाणी, मग ग्राइंडर, मग वजनकाटा आणि हे सारे जागेवर आल्यानंतर कॉफी गाळायचे भांडे. हा क्रम उलटा केला तर महागड्या यंत्रातूनही कडू काळे पाणीच निघते आणि क्रम पाळला तर काही शेकडा रुपयांच्या स्टीलच्या फिल्टरमधूनसुद्धा पाहुण्यांनी पुन्हा मागावी अशी कॉफी होते.

भांड्यांकडे वळण्यापूर्वी एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा चहाच्या सवयीने. चहा उकळला की कडक होतो, आणखी उकळला की आणखी कडक होतो, हे आपल्या हाताला इतके ठाऊक असते की कॉफीही त्याच पातेल्यात, त्याच आचेवर, तशीच उकळली जाते. आमच्या घरी वडील अजूनही स्वयंपाकघरात डोकावून “जरा कडक होऊ दे गं” असे सांगतात आणि त्यावर मी पावडर वाढवते, उकळणे वाढवत नाही. कॉफीत या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. कपातल्या पाण्यात कॉफीचा अंश किती आहे, ही एक गोष्ट. आणि पावडरीतून आपण किती अंश ओढून काढला, ही दुसरी. भाजलेल्या बीमधला साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळाच्या सगळा चवीला चांगला नसतो. अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात यावर काम केले आणि पावडरीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अंश पाण्यात उतरला की चव जमते, असा जो पट्टा त्यातून पुढे आला, तो आजही कॉफीच्या व्यवसायात आधाराला घेतला जातो. त्याहून कमी अंश उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते. त्याहून जास्त उतरला तर जिभेवर कडवट, तुरट, कोरडी चव रेंगाळते. म्हणून कॉफी पचपचीत लागत असेल तर पावडर वाढवावी. आंबट लागत असेल तर पावडर अधिक बारीक दळावी किंवा पाणी अधिक गरम घ्यावे. आणि कडवट लागत असेल तर दळण थोडे जाड करावे. घरच्या कॉफीतल्या निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यावर सुटतात.

आता बियांकडे येते. बाबा बुडण यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते आणि तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी आजही एकट्या कर्नाटकात, म्हणजे कोडगू, चिकमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. महाराष्ट्राला ही कॉफी तशी शेजारची आहे, तरीही आपल्या किराणा दुकानांत पोहोचते ती मुख्यतः बाटलीतली इन्स्टंट. इन्स्टंट म्हणजे आधीच कोणीतरी करून सुकवलेली कॉफी. तिच्यात आपल्या हाती काही उरलेले नसते, त्यामुळे या लेखापुरते तिला बाजूला ठेवते.

भाजलेल्या बियांचे पाकीट घेताना मी सर्वांत आधी भाजल्याची तारीख पाहते. पाकिटावर फक्त ‘बेस्ट बिफोर’ असेल आणि भाजल्याची तारीख नसेल, तर ते पाकीट मी परत ठेवते. भाजल्यानंतर बीमध्ये कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडत राहतो. म्हणूनच चांगल्या पाकिटांना आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी एक लहानशी झडप बसवलेली असते. भाजल्यानंतर आठवडाभर बिया मुरू द्याव्यात आणि त्यानंतरच्या महिनाभरात संपवाव्यात, हा साधा हिशेब आहे. त्यामुळे किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून मागवण्यात अर्थ नाही. दोघांच्या घरासाठी २५० ग्रॅमचे पाकीट पुरे होते आणि बंगळूरु, चिकमगळूर, मुंबई, पुणे अशा ठिकाणचे रोस्टर मागणीनुसार भाजून नाशिकला कुरिअरने पाठवतात.

पाकिटावरच्या शब्दांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. भारतीय कॉफीच्या व्यापारात ‘प्लांटेशन’ म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका; ‘पार्चमेंट’ म्हणजे त्याच रीतीने तयार केलेली रोबस्टा; आणि ‘चेरी’ म्हणजे अख्खे फळ उन्हात वाळवून मग आतली बी काढलेली कॉफी. ‘एए’, ‘ए’, ‘बी’ ही अक्षरे मुख्यतः बीचा आकार सांगतात. त्यावरून चवीचा निवाडा करता येत नाही. फळात एरवी दोन चपट्या बिया असतात; एकच गोल बी तयार झाली तर तिला पीबेरी म्हणतात. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते, चव जाड आणि कडसर असते आणि दुधात ती हरवत नाही. आपल्याकडे रोबस्टा म्हटले की नाक मुरडण्याची एक नवी पद्धत आलेली आहे, ती मला पटत नाही. दुधाच्या कॉफीत थोडी चांगली रोबस्टा असलेले मिश्रण मला नुसत्या अरेबिकापेक्षा जास्त आवडते. ‘मॉन्सून्ड मलबार’ हा प्रकारही एकदा घेऊन पाहण्याजोगा आहे: पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारे खेळवून या बिया फुगवल्या जातात, त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि दुधाशी त्यांचे छान जमते. २००८मध्ये या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले.

चिकोरीबद्दल दोन शब्द. ती एका झाडाचे भाजलेले मूळ असते, तिच्यात कॅफिन नसते आणि ती रंग, दाटपणा व थोडी जळक्या साखरेसारखी गोडी देते. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे ४९ टक्के चिकोरी असलेले पाकीटही कायदेशीरच असते. ते कॉफीच्या भावाने विकत घ्यायचे की नाही, हे मात्र बारीक अक्षरे वाचून आपण ठरवायचे. दुधाच्या फिल्टर कॉफीसाठी २० टक्क्यांपर्यंत चिकोरी मला चालते. काळ्या कॉफीत ती मुळीच नको.

बिया उजेड, हवा आणि ओल यांपासून लांब, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण डबा काढल्यावर बियांवर दव धरते आणि शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास त्या आनंदाने उचलतात. मसाल्याच्या कपाटातही त्यांना जागा देऊ नये. पावसाळ्यात दळलेली पावडर डब्यात गोळा धरते. हा त्रास टाळण्याचा खरा उपाय म्हणजे लागेल तेवढेच दळणे.

पाण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक काळ्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी मिळते, पण अनेक सोसायट्यांमध्ये त्याच्या जोडीला बोअरवेल असते, आणि काळ्या खडकातून आलेले ते पाणी बरेचदा जड असते. किटलीच्या तळाशी पांढरट, खरखरीत थर दिसू लागला तर ती त्याचीच खूण समजावी. अशा पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्ले मारून टाकते आणि फळासारखी चव असलेली महागडी कॉफीही खडूसारखी सपाट लागते. यावर उपाय म्हणून लोक आरओचे पाणी वापरतात आणि दुसऱ्या टोकाला जातात. घरगुती आरओ यंत्रातून बरेचदा इतके मोकळे पाणी येते की त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नावालाच उरतात. चव बाहेर काढण्यात या क्षारांचा मोठा हात असतो, त्यामुळे त्या पाण्यातली कॉफी पातळ आणि टोचरी लागते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. कॉफीच्या व्यवसायात मात्र १५०च्या आसपासचे पाणी आदर्श मानले जाते आणि ७५ ते २५० हा पट्टा चालवून घेतला जातो. विरघळलेले क्षार मोजणारा, पेनसारखा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. तो पाण्यात बुडवून आकडा पाहावा आणि आरओचे पाणी व साध्या फिल्टरमधून आलेले नळाचे पाणी यांचे असे मिश्रण करावे की आकडा १००-१५०च्या घरात येईल. मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, कोणते क्षार आहेत ते सांगत नाही; तरीही घरच्या कामाला तेवढे पुरते. बंगला किंवा फार्महाउस असेल आणि पाणी निव्वळ बोअरचे असेल, तर कॉफीपुरता बाटलीबंद पाण्याचा कॅन आणणे जास्त शहाणपणाचे आहे.

तापमानाबाबत एक स्थानिक सोय आपल्याला आयतीच मिळालेली आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळते. गाळून करायच्या कॉफीला ९० ते ९६ अंशांचे पाणी लागते. म्हणजे उकळी आल्यावर गॅस बंद करून पाणी अर्धा मिनिट थांबू दिले की काम झाले. हलक्या भाजणीच्या बिया असतील तर तेवढेही थांबू नये, कारण भांडे आणि पावडर मिळून पाच-सात अंश सहज खाऊन टाकतात. त्यासाठी तापमान दाखवणारी विजेची किटली घेतलीच पाहिजे, असे मला वाटत नाही.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे, म्हणजे ग्राइंडरकडे. अख्ख्या बीमध्ये वास कोंडलेला असतो. बी फोडली की तो सुटू लागतो आणि दळलेल्या पावडरीचा ताजेपणा काही तासांत उतरणीला लागतो. म्हणून दळण घरीच आणि कॉफी करण्याच्या वेळी व्हायला हवे. त्यासाठी मिक्सर आहेच, असे बहुतेक घरांतून ऐकू येते. मिक्सर काय करतो, हे पाहण्याचा एक सोपा प्रयोग आहे. मूठभर बिया चटणीच्या भांड्यात फिरवाव्यात आणि ती पावडर आधी रव्याच्या चाळणीतून आणि मग मैद्याच्या चाळणीतून चाळावी. वरच्या चाळणीत अर्धवट फुटलेले, मिरीदाण्यांएवढे तुकडे उरतात, मधल्या थरात हवी तशी पावडर मिळते आणि खाली ताटात बोटांना चिकटणारी तपकिरी धूळ जमा होते. हे तिन्ही एकाच वेळी गरम पाण्यात गेले, तर धुळीतला कडवटपणा पहिल्या काही सेकंदांत उतरतो आणि तुकड्यांच्या पोटात पाणी शेवटपर्यंत पोहोचत नाही. एकाच कपात कॉफी आंबटही लागते आणि कडूही लागते, त्याचे कारण हे आहे. पाते बीला कापत नाही, ते तिच्यावर आदळत राहते; कोणता तुकडा किती वेळा पात्याखाली येईल, यावर कोणाचाच ताबा नसतो.

बर-ग्राइंडरचे तत्त्व जात्याचे आहे. दोन दातेरी पृष्ठभाग ठरावीक अंतरावर बसवलेले असतात आणि त्या फटीतून मावेल एवढी झाल्याशिवाय बी खाली उतरू शकत नाही. फट कमी-जास्त केली की दळण बारीक-जाड होते. हाताने फिरवायचा, आत शंकूच्या आकाराचे स्टीलचे बर असलेला ग्राइंडर घरासाठी सर्वांत उत्तम, असे मी ठामपणे म्हणेन. त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरमध्ये बराचसा पैसा मोटारीवर जातो आणि बर सामान्य असतात. हाताच्या ग्राइंडरमध्ये तो पैसा धातूच्या घडणीवर खर्च झालेला असतो. सिरॅमिकचे बर असलेले छोटे ग्राइंडर आणखी स्वस्त मिळतात, पण त्यांच्यापैकी अनेकांत मधला दांडा फक्त एकाच टोकाला धरलेला असल्यामुळे तो डुगडुगतो आणि जाड दळणात पुन्हा तुकडे आणि धूळ निघू लागते. दुकानात ग्राइंडर हातात घेता आला तर बिया न घालता आतला दांडा बोटाने हलवून पाहावा. तो बाजूला हलता कामा नये. दांड्याला दोन ठिकाणी बेअरिंग आहेत का, हे विचारावे. आकडे सांगणारी ‘क्लिक’ची चकती बाहेर दिसत नसली तरी चालते, पण क्लिक असावेत, म्हणजे काल जमलेले दळण आज पुन्हा मिळते.

पंधरा-वीस ग्रॅम बिया दळायला एखादे मिनिट लागते. ज्यांच्या मनगटाला किंवा खांद्याला त्रास आहे त्यांनी अर्थातच विजेचा ग्राइंडर घ्यावा आणि त्यासाठी जास्त पैसे बाजूला ठेवावेत. आणखी एक गोष्ट नाशिकच्या हिवाळ्यात जाणवते: हवा कोरडी झाली की दळलेली पावडर स्थिर विजेमुळे ग्राइंडरच्या डब्याला चिकटून बसते आणि झाकण उघडताच ओट्यावर उडते. दळण्याआधी बोट ओले करून बियांवर पाण्याचा एखादा थेंब फिरवला तर हा उपद्रव जवळजवळ थांबतो.

दळणाची जाडी सांगण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात मापे तयारच आहेत. फ्रेंच प्रेसला, म्हणजे जाळीच्या दांड्याने गाळ खाली दाबायच्या उभ्या भांड्याला, लापशीच्या रव्यासारखे भरड, कागदी फिल्टरला उपम्याच्या जाड रव्यासारखे, मोका पॉटला आणि दक्षिणी फिल्टरला बारीक रव्याहूनही थोडे बारीक आणि एस्प्रेसोला, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीला, त्याच्याही पुढचे, पण मैद्याच्या अलीकडचे. ही सुरुवात झाली. पुढचे बदल जिभेने सांगितल्याप्रमाणे करावेत.

वजनकाट्याचे काम लवकर आटोपते. चमच्याने मोजलेली कॉफी रोज वेगळी होते, कारण गडद भाजलेल्या बिया हलक्या असतात आणि फिक्या भाजलेल्या जड असतात. दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरेसा आहे. लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅम पावडरीला २५० मिलिलिटर पाणी, हे काळ्या कॉफीचे मूळ प्रमाण लक्षात ठेवावे आणि त्याच्या आसपास फिरावे.

एवढे झाल्यावर भांड्याची निवड जवळजवळ आपोआप होते, कारण मग एकच प्रश्न उरतो: कॉफी दुधाची हवी की काळी? दुधाची हवी असेल, तर मी कोणालाही आधी दक्षिणी फिल्टरच सुचवते. दोन मजली भांडे, वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे, आत दांडीची चकती आणि झाकण. यात बिघडण्यासारखे काही नसते. भांडी बाजारात स्टीलचा फिल्टर मिळतो. घेताना वरचे भांडे ट्यूबलाइटकडे धरून छिद्रे सारखी आणि पूर्ण आरपार आहेत का, ते पाहावे. दोन्ही भांडी एकमेकांत घट्ट बसतात का, तेही तपासावे. छिद्रे मोठी असतील तर पावडर खाली उतरते आणि डिकॉक्शन, म्हणजे खालच्या भांड्यात जमणारा कॉफीचा अर्क, गढूळ होते. पितळी फिल्टर दिसायला देखणा असतो आणि नाशिकसारख्या तांब्या-पितळेच्या गावात त्याचा मोह होणे समजण्यासारखे आहे. परंतु कॉफी आम्लधर्मी असल्यामुळे त्याला आतून कल्हई असलीच पाहिजे आणि ती वेळच्या वेळी पुन्हा करून घेतली पाहिजे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी स्टील घ्यावे. चवीत काही फरक पडत नाही.

फिल्टरची माझी रीत अशी आहे. दोन्ही भांडी गरम पाण्याने विसळून घ्यावीत. वरच्या भांड्यात २५ ग्रॅम पावडर घालून ती हलवून सपाट करावी आणि चकतीने अगदी हलके दाबावे. जोर लावला तर पाणी तासभर वरच तुंबते. मग नुकत्याच उकळलेल्या पाण्यापैकी चार-पाच चमचे चकतीवरून सगळीकडे पडतील असे ओतून अर्धा मिनिट थांबावे. पावडर ताजी असेल तर या वेळी ती फुगते, चकती किंचित वर उचलली जाते आणि कडेने बारीक बुडबुडे येतात. आत अडकलेला वायू बाहेर पडत असतो आणि तो गेल्यावरच पाण्याला आत शिरायला वाट मिळते. बुडबुडे अजिबात आले नाहीत, तर पावडर शिळी आहे असे खुशाल समजावे. त्यानंतर एकूण १५० मिलिलिटर होईल इतके उरलेले पाणी ओतून झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली सुमारे १०० मिलिलिटर डिकॉक्शन जमते, कारण पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी स्वतःजवळ ठेवून घेते. पाच मिनिटांतच सगळे खाली आले तर दळण जाड झाले आहे. अर्ध्या तासानंतरही थेंब पडत असतील तर ते फार बारीक झाले आहे. डिकॉक्शन गॅसवर उकळू नये. एका भागाला दोन ते तीन भाग कडकडीत दूध घातले की ते आपोआप गरम होते.

दुधाचाही थोडा विचार हवा. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दीडपट-दुप्पट असतो. त्याने कॉफीला दाटपणा येतो, पण हलक्या भाजणीची नाजूक चव पार झाकली जाते. गडद भाजणी आणि चिकोरी असेल तर म्हशीचे दूध, फिकी भाजणी असेल तर गाईचे, असे मी करते. दूध पुन्हापुन्हा तापवून आटवलेले नसावे, नाहीतर कॉफीला बासुंदीची चव येते. ही चव काहींना हवीच असते, हा भाग वेगळा.

मोका पॉट हाही दुधाच्या कॉफीचा चांगला सोबती आहे. इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून १९३३मध्ये हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचे भांडे बाहेर पडले आणि त्याचा आकार आजही फारसा बदललेला नाही. खालच्या भांड्यातल्या वाफेचा दाब पाण्याला पावडरीतून वर ढकलतो. हा दाब एक-दीड बारच्या घरात, म्हणजे एस्प्रेसोला लागतो त्याहून कितीतरी कमी असतो, त्यामुळे ‘घरच्या घरी एस्प्रेसो’ ही त्याची जाहिरात खरी नाही, पण कॉफी दाट आणि जोरकस होते यात शंका नाही. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेले पाणी सुरक्षा झडपेच्या खालपर्यंत भरावे, चाळणीत पावडर न दाबता भरावी आणि गॅस मंद ठेवावा. झाकण उघडे ठेवून पाहिले तर आधी मधाच्या रंगाची दाट धार येते, ती हळूहळू फिकी होत जाते आणि मग फसफस सुरू होते. फसफस सुरू होण्याआधीच भांडे उतरवावे, कारण शेवटचे ते फिके पाणी सगळा कडवटपणा घेऊन येते. दोन गोष्टी खरेदीपूर्वी पाहाव्यात. लहान मोका पॉट आपल्या गॅसच्या शेगडीच्या दांड्यांवर नीट टेकत नाही, त्यामुळे एक जाळीचा स्टँड सोबत लागतो. आणि इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा मोका चालत नाही, स्टीलचा घ्यावा लागतो.

काळी कॉफी पिणाऱ्यांनी फ्रेंच प्रेसपासून सुरुवात करावी. ३० ग्रॅम भरड पावडर, अर्धा लिटर पाणी, चार मिनिटे. मग वरची साय चमच्याने मोडून फेस काढून टाकावा, आणखी चार-पाच मिनिटे गाळ बसू द्यावा आणि दांडा तळापर्यंत न दाबता नुसता वरवर ठेवून ओतावे. हातात कौशल्य नसले तरी कप चांगला होतो. कागदी फिल्टरचा शंकू, म्हणजे व्ही-सिक्स्टी किंवा तत्सम काही, अधिक स्वच्छ आणि हलकी चव देतो. पण त्याला ओतण्याचा सराव लागतो आणि कागद सतत मागवावे लागतात. गाळणीचा कागद मेलिटा बेंट्झ या जर्मन गृहिणीने १९०८मध्ये मुलाच्या वहीतल्या टीपकागदापासून शोधून काढला. त्याचा एक आरोग्याचा फायदाही आहे: न गाळलेल्या कॉफीतली काही तेलकट द्रव्ये रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतात आणि कागद ती अडवतो. घरात कोणाला त्याचा त्रास असेल तर रोजच्या फ्रेंच प्रेसपेक्षा कागद बरा.

एस्प्रेसो यंत्राबद्दल मी मुद्दाम थोडक्यात लिहिते. एस्प्रेसोला पावडरीवर सुमारे ९ बार दाब लागतो. खोक्यावर लिहिलेले १५ किंवा २० बार हे पंपाचे कमाल बळ असते, त्याने चव सुधारत नाही. १८ ग्रॅम पावडरीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत यावी एवढे बारीक आणि एकसारखे दळण देणारा ग्राइंडर नसेल, तर यंत्र निकामी आहे. स्वस्त यंत्रांत दुहेरी तळाची चाळणी देऊन जाड दळणातूनही फेस काढून दाखवतात, पण तो फेस केवळ डोळ्यांसाठी असतो. ज्यांना या छंदात रोज वेळ घालवायचा आहे त्यांनी अवश्य घ्यावे आणि यंत्राइतकेच पैसे ग्राइंडरसाठी ठेवावेत. इतरांनी तेच पैसे वर्षभराच्या चांगल्या बियांवर खर्च करावेत.

कोणतेही भांडे घेतले तरी ते धुण्याचा आळस चालत नाही, कारण कॉफीचे तेल कडेला राहून खवट होते आणि दुसऱ्या दिवसाच्या कपात उतरते. ग्राइंडर पाण्याने धुऊ नये, ब्रशने झाडावा. मोका पॉटची रबरी चकती कडक झाली की बदलावी. दक्षिणी फिल्टरची छिद्रे काही महिन्यांनी बुजतात, तेव्हा वरचे रिकामे स्टीलचे भांडे चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर तापवले की अडकलेली पावडर जळून जाते आणि गार झाल्यावर घासले की छिद्रे मोकळी होतात. पितळी फिल्टरला हा उपाय कदापि करू नये. कथील २३२ अंशांना वितळते आणि कल्हई ज्योतीवरच निघून जाते. तो भिजत घालून मऊ ब्रशनेच स्वच्छ करावा लागतो.